रंगमंचावरच प्रकाशित : झाडीपट्टीचा नाटककार आणि त्याची न छापलेली संहिता

कोणत्याही देशातील लेखक आपल्या व्यवसायाविषयी बोलू लागले, की चर्चा बहुधा तीन प्रश्नांभोवती फिरते : कोणासाठी आणि कसे लिहावे, लिहिलेले दुसऱ्या भाषेत कसे न्यावे, आणि ते प्रसिद्ध कोण करणार व त्यातून लेखकाच्या हाती काय पडणार. या प्रश्नांचा विचार प्रायः कादंबरी आणि कविता डोळ्यांसमोर ठेवून, मोठ्या शहरांतील प्रकाशनसंस्थांच्या संदर्भात केला जातो. गडचिरोली जिल्ह्यातील वडसा, म्हणजेच देसाईगंज, या वैनगंगेकाठच्या गावी मात्र हेच तीन प्रश्न निराळ्या रूपात समोर येतात. कारण येथील नाटककाराचे लेखन एका हंगामात असंख्य लोक तिकीट काढून ऐकतात, त्यावर नट, वादक, नेपथ्यकार आणि मंडपवाले यांची चूल पेटते, आणि तरीही त्या लेखनाचा फार मोठा भाग पुस्तकरूपाने कधीच अस्तित्वात येत नाही. लेखक आहे, श्रोता आहे, व्यवहार आहे. नाही ते फक्त पुस्तक. या उणिवेचे परिणाम जेवढे गंभीर आहेत, तेवढे ते मराठी वाङ्मयाच्या इतिहासलेखनात नोंदले गेलेले नाहीत.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांतील धान पिकवणाऱ्या, वनांनी वेढलेल्या प्रदेशाला झाडीपट्टी म्हणतात, आणि तेथे दिवाळीनंतर सुरू होऊन होळीच्या सुमारास संपणाऱ्या रात्रभराच्या नाटकांच्या परंपरेला झाडीपट्टी रंगभूमी असे नाव आहे. तिच्या मुळाशी दंडार आणि खडी गंमत हे जुने लोकनाट्यप्रकार आहेत. त्यांवर पुढे संगीत नाटकाचा, पौराणिक-ऐतिहासिक नाटकांचा आणि अखेरीस सामाजिक व कौटुंबिक नाटकांचा संस्कार झाला. भाऊबीजेपासून गावोगाव भरणारी मंडई आणि बैलांच्या शर्यतीचा शंकरपट हे या नाटकांचे मुख्य निमित्त असते, कारण त्या दिवशी लेकीबाळी माहेरी आलेल्या असतात, पाहुण्यांनी घर भरलेले असते आणि धानाची कापणी-मळणी होऊन हाती थोडा पैसाही आलेला असतो. वडसा या व्यवहाराचे केंद्र झाले याला भूगोल कारणीभूत आहे. गोंदिया–नागभीड–बल्लारशाह लोहमार्गावरील वडसा हे दीर्घकाळ गडचिरोली जिल्ह्यातील एकमेव रेल्वेस्थानक होते. नदीपलीकडे चंद्रपूर जिल्ह्यातील ब्रह्मपुरी, उत्तरेला भंडारा जिल्ह्यातील लाखांदूर, तर दक्षिणेला आरमोरी आणि पूर्वेला कुरखेडा, असा चारही बाजूंचा प्रेक्षक या एका ठिकाणाहून गाठता येतो.

हंगाम जवळ आला, की वडसा येथे नाट्यसंस्थांची कार्यालये उघडतात. अशा संस्थांची संख्या पन्नासच्या आसपास सांगितली जाते आणि ती दरवर्षी कमीजास्त होते. गावातील आयोजक मंडळाचे पदाधिकारी येथे येतात, कोणत्या संस्थेकडे यंदा कोणते नवे नाटक आहे, त्यात नायिका कोण, विनोदी भूमिका कोणाकडे, याची चौकशी करतात, रक्कम आणि तारीख ठरवतात आणि विसार देऊन परततात. एका प्रयोगाला येथे ‘नाईट’ म्हणतात. संस्थेला ठरलेली रक्कम मिळते, तिकीटविक्रीचा धोका गावातील मंडळ पत्करते आणि उरलेली शिल्लक देऊळ, शाळा किंवा गावाच्या एखाद्या सामायिक कामासाठी वापरण्याची रीत आहे. पूर्वी गावातील हौशी मंडळीच पुरुषपात्रे करीत आणि फक्त नट्या व वादक बाहेरून बोलावले जात. पुढे संपूर्ण संचच संस्थेकडून येऊ लागला आणि लेखन, दिग्दर्शन, अभिनय व निर्मिती ही चारही कामे पुष्कळदा एकाच व्यक्तीकडे आली. या रंगभूमीवर आयुष्य वेचलेले कुरखेडा तालुक्यातील नट परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा महाराष्ट्राच्या उर्वरित भागातील अनेक वाचकांनी झाडीपट्टी रंगभूमीचे नाव प्रथमच ऐकले.

नाटककाराच्या कारागिरीचा विचार या व्यवहारापासून वेगळा काढता येत नाही. शहरी नाट्यगृहातील नाटक अडीच-तीन तासांचे असते, प्रेक्षक अंधारात बसलेला असतो आणि पडदा उघडण्यापूर्वी तो आसनस्थ झालेला असतो. झाडीपट्टीतील नाटक रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत चालते. प्रेक्षक कुटुंबासह, पांघरुणे घेऊन, थंडीत मंडपाखाली बसलेला असतो, मुले मध्येच झोपतात, माणसे चहाला उठून जातात आणि परत येतात. अशा प्रेक्षकासाठी लिहिणाऱ्याला कथानकाचा धागा ठरावीक अंतराने पुन्हा हाती द्यावा लागतो, म्हणजे मागे घडलेली महत्त्वाची घटना एखाद्या पात्राच्या तोंडून, भांडणातून किंवा पदातून नव्याने सांगावी लागते. वाचनात हीच पुनरुक्ती वाटेल. प्रयोगात ती आधार असते. करुण प्रसंगानंतर विनोदी प्रवेश आणि त्यानंतर गाणे किंवा नृत्य, ही योजनाही केवळ लोकानुनयाची मानणे अन्यायाचे आहे, कारण सलग सहा-सात तास एका भावनेत कोणताही प्रेक्षकसमूह राहू शकत नाही आणि पहाटेच्या सुमारास येणारा शोकाचा कळस गाठायचा असेल, तर त्याआधी प्रेक्षकाला दोनतीनदा मोकळेपणाने हसवून जागे ठेवावे लागते. नवरगावचे सदानंद बोरकर यांच्यासारख्या नाटककाराने शेतकऱ्याची आत्महत्या किंवा विधवेचे जिणे यांसारखे विषय याच चौकटीत आणले, ही गोष्ट त्या चौकटीची लवचिकता दाखवते.

भाषेच्या बाबतीत हा लेखक एकाच संहितेत किमान दोन पातळ्यांवर काम करतो. नायक-नायिका, शिकलेला मुलगा, न्यायाधीश किंवा डॉक्टर प्रमाण मराठीत बोलतात. गडी, शेजारीण आणि विनोदी पात्रे झाडीबोलीत बोलतात. झाडीबोली म्हणजे याच प्रदेशातील मराठीची बोली, जिच्यात ‘ण’च्या जागी ‘न’ आणि ‘ळ’च्या जागी अनेकदा ‘र’ ऐकू येतो. साकोलीचे अभ्यासक हरिश्चंद्र बोरकर यांनी या बोलीचा आणि तिच्या लोकनाट्याचा केलेला अभ्यास, तसेच झाडीबोली साहित्य मंडळाने भरवलेली संमेलने, यांमुळे तिला लेखनाची प्रतिष्ठा मिळू लागली. परंतु रंगमंचावर तिला अजूनही बहुतांशी हशा पिकवण्याचेच काम दिले जाते. दुःखाच्या प्रवेशात पात्र प्रमाण भाषेकडे वळते, जणू ज्या बोलीत प्रेक्षक घरी रडतो त्या बोलीत रंगमंचावर रडण्याची परवानगी नाही. येथील लेखनात जे बदलावे असे वाटते, त्यात ही गोष्ट सर्वप्रथम येते.

संहिता, म्हणजे नाटकाचा लिखित पाठ, या रंगभूमीवर पुस्तकापेक्षा कामाच्या कागदासारखी वापरली जाते. वहीत किंवा सुट्या पानांवर लिहिलेल्या मजकुरातून प्रत्येक नटाचे संवाद उतरवून घेतले जातात. पदाच्या जागी कधी पूर्ण शब्द असतात, तर कधी फक्त चालीची खूण असते. विनोदी प्रवेशात दोनचार संवादांनंतर जागा मोकळी सोडलेली असते, कारण तेथे नट त्या गावातील ताज्या घटनेवर, आयोजकांच्या नावांवर किंवा समोर बसलेल्या प्रेक्षकावर बोलणार हे लेखकाला ठाऊक असते. तालमीचे दिवस थोडे असतात. हंगामाच्या पहिल्या आठवड्यात लांबलेला प्रवेश छाटला जातो, एखाद्या गावात टाळी घेतलेला संवाद पुढच्या गावात वाढवला जातो आणि नट बदलला तर भूमिकेचा सूरही बदलतो. फाल्गुनात जे नाटक संपते ते कार्तिकात सुरू झालेल्या नाटकाची सुधारलेली आवृत्ती असते, मात्र या सुधारणा कागदावर उतरतातच असे नाही.

असे पूर्वी अन्यत्रही घडले आहे. स्पेनमधील लोपे द व्हेगा याने 1609 साली पद्यात लिहिलेल्या नाट्यलेखनविषयक निबंधात, पैसे देऊन येणाऱ्या सामान्य प्रेक्षकाच्या आवडीप्रमाणे आपण लिहितो आणि शास्त्राचे नियम बाजूला ठेवतो, ही भूमिका उघडपणे मांडली; शोक आणि हास्य यांचे मिश्रण त्याने याच कारणाने समर्थनीय ठरवले. त्याची नाटके ऐकून पाठ करणारे आणि त्या आठवणीवरून दुसऱ्या मंडळींना विकणारे लोक त्या काळी होते, ज्यांविषयी त्याने तक्रार केली आहे, आणि 1617 पासून आपल्या नाटकांचे छापील खंड स्वतःच्या देखरेखीखाली काढण्यास त्याने सुरुवात केली. इंग्लंडमध्ये शेक्सपिअर हा ज्या मंडळीसाठी लिहीत होता तिचाच तो भागीदार होता. संहिता मंडळीच्या मालकीची असे आणि प्रतिस्पर्ध्याला आयती मिळू नये म्हणून ती छापण्याची घाई नसे. तो 1616 साली वारल्यानंतर सात वर्षांनी जॉन हेमिंग्ज आणि हेन्री काँडेल या दोन सहकारी नटांनी 36 नाटकांचा एकत्रित ग्रंथ काढला. त्यांतील सुमारे 18 नाटके तोपर्यंत छापली गेलेली नव्हती, आणि त्यांत ‘मॅकबेथ’ व ‘द टेम्पेस्ट’ यांचा समावेश होतो. दोन नटांनी हे श्रम घेतले नसते तर ही नाटके आज बहुधा उपलब्ध नसती.

न छापण्यामागे वडसा येथील कारणे याहून फार वेगळी नाहीत. नव्या नाटकाचे नावीन्य हाच हंगामातील विक्रीचा आधार असल्याने संहिता बाहेर जाणे संस्थेला परवडत नाही. दुसरीकडे, मराठी नाट्यपुस्तकाचे गिऱ्हाईक म्हणजे हौशी संस्था, स्पर्धक, ग्रंथालये आणि विद्यापीठाचे विद्यार्थी, आणि यांपैकी कोणीही झाडीपट्टीचे नाटक मागत नसल्यामुळे प्रकाशकाला त्यात व्यवहार दिसत नाही. त्यामुळे 1954 च्या ग्रंथ वितरण कायद्याप्रमाणे प्रत्येक छापील पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाकडे आणि मुंबईसह अन्य तीन ठिकाणच्या ग्रंथालयांकडे जाण्याची जी सोय आहे, तिचा लाभ या लेखनाला मिळत नाही. जे छापले गेले नाही ते सूचीत येत नाही, आणि जे सूचीत नाही ते इतिहासकाराच्या हाती लागत नाही. अलीकडे नाटकांची चित्रफीत मोबाइलवर काढून यूट्यूबवर टाकली जाते, हे स्वागतार्ह असले तरी चित्रफीत ही एका रात्रीची नोंद असते. तिच्यावरून लेखकाचा पाठ आणि नटाची भर वेगळी करता येत नाही.

कायद्याने मात्र या लेखकाला पुस्तकाची वाट पाहायला लावलेली नाही. भारतीय कॉपीराइट कायदा, 1957 प्रमाणे नाट्यकृती लिहून किंवा अन्य मार्गाने स्थिर रूपात आली, की तिच्यावर लेखकाचा हक्क निर्माण होतो. त्यासाठी ती छापलेली किंवा नोंदणी केलेली असणे आवश्यक नाही, आणि हा हक्क लेखकाच्या हयातीत व त्यानंतर 60 वर्षे टिकतो. या हक्काचे अनेक पदर आहेत : प्रयोग करण्याचा, छापण्याचा, भाषांतराचा, रूपांतराचा आणि चित्रीकरणाचा अधिकार वेगवेगळा देता येतो. हक्क दुसऱ्याच्या नावे करून देण्याला कायद्याच्या मराठीत अभिहस्तांकन म्हणतात. ते लेखी आणि सहीनिशी असावे लागते, त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता समजला जातो. रंगभूमीवर लेखकाचे मानधन एकरकमी तरी ठरते किंवा प्रयोगामागे तरी, आणि पुष्कळदा दोन्ही गोष्टी तोंडी ठरतात. तोंडी व्यवहारात परस्परांवरचा विश्वास असतो हे खरे, परंतु एखाद्या नाटकावर चित्रपट निघाला, त्याचे हिंदी रूपांतर झाले किंवा त्याच्या चित्रफितीला उत्पन्न मिळू लागले, म्हणजे कोणता अधिकार कोणाला दिला होता हे सांगणारा कागद नसल्याचा तोटा लेखकालाच होतो. प्रयोगाचा अधिकार अमुक हंगामापुरता, अमुक संस्थेला, आणि बाकी सर्व अधिकार लेखकाकडे, एवढी दोन ओळींची लेखी नोंद या तोट्यातून वाचवू शकते.

एक जतनव्यवस्था मात्र अनपेक्षित ठिकाणी आहे. महाराष्ट्रात जाहीर प्रयोगापूर्वी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे सादर करून प्रमाणपत्र घ्यावे लागते. या पूर्वपरीक्षणाविरुद्ध विजय तेंडुलकरांसह अनेक नाटककारांनी लढा दिला आणि तो योग्यच होता. तथापि इंग्लंडमधील अनुभव असा, की 1737 च्या कायद्यापासून 1968 पर्यंत तेथे नाटकांवर जो सरकारी परवान्याचा निर्बंध होता, त्यापायी जमा झालेल्या हस्तलिखितांमुळेच कधीही न छापलेली असंख्य नाटके अभ्यासकांना मिळाली. 1824 नंतरचा तो साठा आज ब्रिटिश लायब्ररीत आहे. परिनिरीक्षणासाठी दाखल झालेल्या विदर्भातील संहितांची सूची तयार करून ती अभ्यासकांना खुली झाली, तर झाडीपट्टीच्या नाट्यलेखनाचा पाया तेथूनच रचता येईल.

भाषांतराचा प्रश्न येतो तो संहिता हाती आल्यानंतर. मराठी रंगभूमी स्वतः भाषांतरावर पोसलेली आहे : आगरकरांनी ‘हॅम्लेट’वरून ‘विकारविलसित’ 1883 साली प्रसिद्ध केले, देवलांनी ‘ऑथेल्लो’वरून ‘झुंझारराव’ रचले आणि किर्लोस्करांनी कालिदासाचे ‘शाकुंतल’ 1880 साली पुण्यात संगीतासह उभे केले. त्याच 1880 साली इब्सेनवर ‘अ डॉल्स हाउस’च्या जर्मन प्रयोगासाठी शेवट बदलण्याची पाळी आली. नायिका मुलांना सोडून जाते हे जर्मन नटीला मान्य नव्हते, आणि परदेशी लेखकाच्या हक्काला तेथे संरक्षण नसल्यामुळे दुसरा कोणी मनमानी बदल करील या भीतीने त्याने नको असलेला शेवट स्वतःच लिहून दिला. परदेशी लेखकांच्या हक्कांना संरक्षण देणारा बर्नचा आंतरराष्ट्रीय करार त्यानंतर, 1886 मध्ये झाला. भाषांतर म्हणजे मूळ पाठाशी बांधील राहून दुसऱ्या भाषेत नेणे आणि रूपांतर म्हणजे पात्रे, स्थळ, प्रसंग बदलून नव्या समाजात रुजवणे, हा फरक नाटकात इतक्या लवकर पुसला जातो की लेखकाला करारातच तो बांधून घ्यावा लागतो.

बोलीतील नाटक जगापुढे जाऊ शकत नाही, हा समज गडचिरोलीच्या सीमेपलीकडच्या उदाहरणानेच खोटा ठरतो. शेजारच्या छत्तीसगडमधील नाचा या लोकनाट्यातील नटांना घेऊन हबीब तन्वीर यांनी काम केले. या नटांना हिंदी बोलायला न लावता त्यांच्या छत्तीसगढीतच बोलू दिल्यावर प्रयोगात जीव आला, आणि 1975 चे ‘चरणदास चोर’ 1982 मध्ये एडिंबरा येथे फ्रिंज फर्स्ट पुरस्कारापर्यंत पोहोचले. प्रयोग परदेशी गेला एवढेच त्यात घडले नाही. तालमीत, नटांच्या उत्स्फूर्त भरीतून घडलेला पाठ लिहून काढला गेला, छापला गेला आणि त्याचे इंग्रजी भाषांतरही झाले. विदर्भातच महेश एलकुंचवार यांचे ‘वाडा चिरेबंदी’ वैदर्भीय बोलीचा बाज सांभाळून लिहिले गेले आणि तरीही अन्य भाषांत पोहोचले. मराठी नाटक देशभर जाण्याचा मार्ग बहुतेक वेळा हिंदीतून गेला आहे, ‘घाशीराम कोतवाल’चे वसंत देव यांनी केलेले हिंदी भाषांतर हे त्याचे ठळक उदाहरण. वडसा येथील नाटकाला तर ही वाट अधिक जवळची आहे, कारण झाडीपट्टीच्या पूर्वेकडील गावांत मराठीबरोबरच छत्तीसगढी आणि गोंडी कानांवर पडतच असतात.

अर्थात झाडीपट्टीच्या नाटकाचे भाषांतर करणाऱ्यापुढील अडचणी खऱ्या आहेत. प्रमाण मराठी आणि झाडीबोली यांतील सामाजिक अंतर दुसऱ्या भाषेत कसे दाखवावे, रात्रभराचा पाठ तीन तासांत बसवताना कोणता प्रवेश सोडावा, पदांची चाल ठेवावी की अर्थ, हे निर्णय मूळ पाठ निश्चित असल्याखेरीज घेता येणार नाहीत. म्हणून पहिली गरज आहे ती छापील आवृत्तीची, आणि ती आवृत्ती शहरी नाट्यपुस्तकाची नक्कल असू नये. तीत हंगामाच्या आरंभीचा पाठ आणि अखेरचा पाठ शेजारी शेजारी यावेत, पदांच्या चालींची नोंद असावी, मोकळ्या सोडलेल्या विनोदी प्रवेशात निरनिराळ्या गावी काय बोलले गेले याचे दोनतीन नमुने द्यावेत, बोलीतील शब्दांवर टिपा असाव्यात आणि मराठी नाट्यपुस्तकांच्या रीतीप्रमाणे पहिल्या प्रयोगाची तारीख, गाव व पात्रयोजना छापावी. नटाने घातलेली भर कोणाच्या नावे नोंदवायची हा प्रश्न तेव्हा आपोआप उभा राहील. कलावंताच्या सादरीकरणाला कायद्याने स्वतंत्र हक्क दिलेला असला तरी संवादाच्या कर्तृत्वाचा भाग त्याला मिळतो की नाही, हे लेखक आणि नट यांनी पुस्तक निघण्यापूर्वी, हंगाम नसताना, वडसा येथेच बसून आपसांत लेखी ठरवणे सर्वांत सोयीचे ठरेल.